मार्च १९५८चा आठवडा

३ ते ९ मार्च १९५८ या सात दिवसांत इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये जी म्हणून बाळं जन्मली, त्या सगळ्यांसाठी एक छापील प्रश्नावली भरायची होती. बाळंतपण घरी झालेलं असो की इस्पितळात, बाई गिरणीकामगाराची असो की बॅरिस्टराची, सुईणीचं हातातलं काम आटोपलं की तिनं कागद काढायचे आणि आईपाशी बसायचं. वय किती, उंची किती, नवरा काय काम करतो, हे कितवं मूल, तपासणीला पहिल्यांदा कितव्या महिन्यात गेलात, रक्तदाब वाढला होता का. या लांबलचक यादीत एक प्रश्न सिगारेटचा होता. दिवस गेल्यावर ओढत होतात का? ओढत असाल तर दिवसाला किती?

पाहणी तंबाखूसाठी नव्हतीच. नॅशनल बर्थडे ट्रस्ट फंड या धर्मादाय संस्थेची चिंता वेगळी होती. युद्ध संपून तेरा वर्षं उलटली होती, सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन दहा वर्षं होत आली होती, तरी हजार जन्मांमागे तीसहून अधिक बाळं पोटातच किंवा पहिल्या आठवड्यात दगावत होती. कारणं शोधायची तर एखाददुसऱ्या इस्पितळातली बाळंतपणं तपासून भागणार नव्हतं. म्हणून सगळ्या देशाचा एक आठवडाच्या आठवडा पकडायचा, असं ठरलं. सूत्रं बालरोगतज्ज्ञ नेव्हिल बटलर यांच्याकडे आली आणि सुमारे १७,००० जन्मांची कागदपत्रं जमली. मृत्यूंचा हिशेब मांडायला एका आठवड्यातला आकडा पुरेना, म्हणून दगावलेल्या बाळांची नोंद मात्र मार्च ते मे अशी तीन महिने चालू ठेवली.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये सिगारेट ही चहाइतकीच घरातली वस्तू होती. १९४८च्या आकडेवारीनुसार दर दहा बायकांमधल्या चार ओढत असत. पुरुषांचं प्रमाण अर्थातच त्याहून कितीतरी मोठं. बसमध्ये, सिनेमागृहात, ऑफिसात धूर असे आणि इस्पितळाच्या वॉर्डातही रक्षापात्रं असत. त्या आठवड्यातल्या आयांपैकी सुमारे चौथा हिस्सा चौथ्या महिन्यानंतरही ओढत होता. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं, आणि म्हणूनच बायकांनी सुईणींना खरी उत्तरं दिली असावीत. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा उत्तरांवर विसंबणं अवघड झालं होतं.

बाईच्या हातात सिगारेट आली त्याला तेव्हा पुरती दोन पिढ्याही झाल्या नव्हत्या. त्याआधी बाई आणि तंबाखू यांची गाठ पडे ती कारखान्यात. सेव्हिलच्या तंबाखू कारखान्यात हजारो बायका चिरूट वळत. बिझेच्या ऑपेरातली कार्मेन तिथलीच. फ्रान्समधल्या सरकारी तंबाखू कारखान्यांतल्या कामगार बायकांचे गर्भ जास्त पडतात की काय, यावर तिथले डॉक्टर एकोणिसाव्या शतकातच हमरीतुमरीवर आले होते. काहींना तंबाखूची धूळ कारणीभूत वाटे, काहींना गरिबी. तंबाखू आणि गर्भाशय यांचा संबंध विज्ञानापुढे पहिल्यांदा आला तो असा, रोजगाराच्या वाटेनं. आणि ‘तंबाखू की गरिबी’ हा वादही त्याच दिवशी जन्मला. तो अजून मिटलेला नाही.

मग व्यापाराच्या लक्षात आलं की निम्मं गिऱ्हाईक अजून दुकानाबाहेरच उभं आहे. १९२८ साली लकी स्ट्राइक सिगारेटच्या जाहिराती बायकांना सांगू लागल्या, गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी आमची सिगारेट उचला, बांधा सडपातळ राहील. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९२९ला, ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. वृत्तपत्रांत फोटो झळकले, बायकांच्या स्वातंत्र्याची मशाल म्हणून कौतुक झालं. तमाशा घडवून आणला होता एडवर्ड बर्नेज या जनसंपर्कतज्ज्ञानं आणि पैसे मोजले होते अमेरिकन टोबॅको कंपनीनं. बायकांना मतदानाचा हक्क मिळून नऊ वर्षंच झाली होती, त्यामुळे मशालीची कल्पना खपली. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या, हाती स्वतःचा पगार आला, आणि सिगारेट कायमची मुक्कामाला आली.

या बायकांना दिवस राहिले तेव्हा डॉक्टर काय म्हणत होते? बहुतेक काहीच नाही. फार झालं तर ‘बेतानं ओढा’. खुद्द डॉक्टरच तपासताना ओढत असत. १९३५मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज इथं लेस्टर सॉन्टॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पोटुशा बायकांना सिगारेट ओढायला देऊन गर्भाच्या हृदयाचे ठोके मोजले होते. आईनं झुरके घेतले की आतल्या बाळाचे ठोके बदलत, बहुधा वाढत. म्हणजे धुरातलं काहीतरी वारेतून पलीकडे जात होतं. पण निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकाच्या पानांवरच राहिला. वार ही एक भक्कम गाळणी आहे, आईच्या अंगातलं वाईट ती आत जाऊ देत नाही, ही समजूत डॉक्टरांच्या मनात इतकी घट्ट होती. १९४१मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी आईला गरोदरपणी जर्मन गोवर झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मतं हे दाखवलं, तेव्हा तिला पहिलं भोक पडलं. १९६१मध्ये थॅलिडोमाइडची मुलं समोर आली, तेव्हा ती पार कोसळली.

दरम्यान १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो परगण्यातून विनिया सिम्पसन या डॉक्टर बाईंचा छोटा लेख प्रसिद्ध झाला. ७,४९९ बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. सिगारेट ओढणाऱ्या आयांना कमी वजनाची बाळं होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं, आणि सिगारेटी जितक्या अधिक तितकं प्रमाण चढतं. लेखाच्या नावातच तो प्राथमिक असल्याचं म्हटलं होतं. पण जगभरातल्या प्रसूतितज्ज्ञांनी त्यानंतर आपापली दप्तरं उघडली आणि जवळपास सगळीकडे तेच दिसलं.

बटलर यांच्या हातात तर देशाचं दप्तर होतं. हार्वे गोल्डस्टीन या तरुण संख्याशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी जो हिशेब मांडला तो १९७२मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चौथ्या महिन्यानंतर ओढत राहिलेल्या आयांची बाळं सरासरी १७० ग्रॅमनं हलकी होती, आणि बाळ दगावण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक होतं. याहून मोलाची नोंद म्हणजे चौथ्या महिन्याच्या आत ज्यांनी सोडली, त्यांच्या बाळांचं वजन मुळात न ओढणाऱ्यांच्या बाळांसारखंच भरलं.

आता एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण समोर एक तालेवार माणूस उभा होता. बर्कलेचे जेकब येरुशाल्मी हे काही तंबाखू कंपनीचे हरकामे नव्हते. जीवनसांख्यिकीतलं त्यांचं नाव मोठं होतं आणि ओकलंडमधल्या हजारो मातांची त्यांनी स्वतः उभारलेली नोंदवही जगातल्या उत्तम नोंदवह्यांपैकी एक होती. त्यातून त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. हलक्या वजनाच्या बाळांची तुलना केली तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं न ओढणाऱ्यांच्या बाळांपेक्षा कमी मरत होती! पुढे त्यांनी अशा बायका शोधल्या ज्या मूल झाल्यावर ओढायला लागल्या. त्यांची आधीची मुलंही हलकीच निघाली. येरुशाल्मी म्हणाले, दोष सिगारेटचा नसेल, ओढणाऱ्या बाईच्या प्रकृतीचा असेल. ज्या बायका ओढतात त्या मुळातच वेगळ्या.

पहिल्या कोड्याचं उत्तर पुढे बऱ्याच वर्षांनी नीट मांडलं गेलं. न ओढणाऱ्या आईचं बाळ हलकं निपजतं तेव्हा त्यामागे बहुधा काही गंभीर असतं, जन्मजात व्यंग किंवा जबर आजार. ओढणाऱ्या आईचं बाळ निव्वळ धुरानंही हलकं झालेलं असू शकतं. फक्त हलकी बाळं वेगळी काढून तुलना केली की एका बाजूला जास्त आजारी पोरं जमतात आणि धूर उगाच औषधासारखा दिसू लागतो. येरुशाल्मींचे आकडे खरे होते. चूक होती ती कुणाला कुणाशेजारी बसवायचं यात.

उत्तर मिळेपर्यंत तंबाखूवाल्यांनी या शंकेवर बरीच वर्षं काढली. ३ जानेवारी १९७१ला, अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेट जाहिराती बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फिलिप मॉरिसचे अध्यक्ष जोसेफ कलमन एका दूरचित्रवाणी मुलाखतीत बसले होते. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची बाळं लहान असतात हे त्यांनी मान्य केलं. पण ती तितकीच निरोगी असतात, असं म्हणून पुढे पुस्तीही जोडली की काही बायकांना लहान बाळच आवडेल. याच कंपनीनं १९६८ला व्हर्जिनिया स्लिम्स नावाची खास बायकांसाठीची सिगारेट बाजारात आणली होती. कलमन यांचं वाक्य ऐकून हसू येतं, पण ते हवेतून आलेलं नव्हतं. मूल लहान तर बाळंतपण सोपं, ही धारणा जगभर आहे. आपल्याकडेही ‘फार खाल्लंस तर पोर मोठं होईल, सुटका अवघड जाईल’ असं सुनेला बजावणाऱ्या सासवा होत्याच.

वजनाचा वाद मिटवणारा पुरावा १९८४मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँडमधून आला. मेरी सेक्स्टन आणि रिचर्ड हेबेल यांनी सिगारेट ओढणाऱ्या ९३५ गर्भवतींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. एका गटाला सोडण्यासाठी भरपूर मदत दिली, दुसऱ्याला नेहमीचीच सेवा. पहिल्या गटातल्या बऱ्याच जणींनी सोडली, आणि त्या गटाची बाळं सरासरी ९२ ग्रॅमनं जड भरली. वाटणी चिठ्ठ्यांनी झालेली, त्यामुळे दोन्ही गटांतल्या बायका सारख्या, प्रकृती सारखी, घरं सारखी. फरक होता तो फक्त सिगारेटचा.

पण काटा दाखवतो ते फक्त वजन. बटलर यांना त्यापुढचं पाहायचं होतं, आणि त्यांच्या कामाचं खरं मोठेपण इथंच आहे. त्यांनी आठवडा बंद केला नाही. १९६५ साली, मुलं सात वर्षांची झाल्यावर, शाळाशाळांतून त्यांना पुन्हा गाठलं. शिक्षकांनी चाचण्या घेतल्या, शाळेच्या डॉक्टरांनी उंची मोजली, आयांशी घरी जाऊन बोलणं झालं. १९६९मध्ये अकराव्या वर्षी पुन्हा तेच. जन्माच्या वेळी सुईणीनं लिहिलेलं उत्तर आणि अकरा वर्षांनी वर्गात सोडवलेलं गणित आता शेजारी-शेजारी मांडता येत होतं. असं जगात त्याआधी क्वचितच कुणी केलं असेल.

बटलर आणि गोल्डस्टीन यांचा दुसरा लेख डिसेंबर १९७३ला आला. त्यात गरोदरपणी दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या आयांची मुलं न ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा अकराव्या वर्षी सरासरी एक सेंटिमीटरनं बुटकी होती. वाचन, गणित आणि सामान्य आकलनात ती तीन ते पाच महिने मागे होती. वडिलांचा पेशा, भावंडांची संख्या, आईचं वय आणि उंची यांचा हिशेब वजा केल्यानंतरचा हा फरक.

तीन ते पाच महिने म्हणजे किती? एका मुलाकडे पाहून काहीच कळणार नाही. वर्गातलं सर्वात हुशार पोर ओढणाऱ्या आईचं असू शकतं, सर्वात मागचं न ओढणारीचं. हा फरक हजारो मुलांच्या सरासरीत दिसतो. पण लाखो मुलं जेव्हा शाळेची शर्यत चार महिने मागून सुरू करतात, तेव्हा तो देशाच्या हिशेबात उतरतोच. पुढे सोळाव्या वर्षी आणि तेविसाव्या वर्षीच्या शैक्षणिक पात्रतेतही ही रेघ, फिकट का होईना, दिसत राहिली.

याच काळात ब्रिटनमध्ये मोहीम निघाली. हेल्थ एज्युकेशन कौन्सिलनं एक पोस्टर लावलं. त्यात दिवस भरत आलेली एक नग्न स्त्री सिगारेट ओढते आहे, आणि बाळाला जबरदस्तीनं ओढायला लावणं योग्य आहे का, असा सवाल खाली केला आहे. पोस्टर गाजलं. बायकांना ते जिव्हारी लागलं असणार, तोच हेतू होता. पण यात एक गोम होती. चाळीस वर्षं जाहिराती करून ज्यांनी सिगारेट बाईच्या हातात दिली, ते या चित्रात कुठंच नव्हते. होती ती एकटी बाई. समाजशास्त्रज्ञ हिलरी ग्रॅहम यांनी त्याच सुमारास आणि पुढेही गरीब ब्रिटिश आयांशी बसून बोलणी केली. दिवसभर पोरं, धुणी, स्वयंपाक आणि पैशांची ओढाताण, यात पाच मिनिटं स्वतःसाठी म्हणावीत तर ती सिगारेटचीच, असं त्यांच्यापुढे आलं. सुखवस्तू घरांतल्या बायकांनी सिगारेट भराभर सोडली, गरिबांच्या घरी ती राहिली. आणि म्हणून मुलांच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांपुढे तोच जुना फ्रेंच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तंबाखू की गरिबी?

प्रयोगशाळेत या प्रश्नाला बगल देता येत होती. उंदरीण ना गरीब असते ना श्रीमंत. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन यांनी गाभण उंदरिणींच्या कातडीखाली एक इवला पंप बसवला. तो दिवसरात्र थेंबथेंब निकोटीन सोडत राहतो. धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, निव्वळ निकोटीन. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलीन या रसायनासाठी कुलपं असतात आणि निकोटीनची किल्ली त्यांत चपखल बसते. माणसाच्या गर्भात ही कुलपं पहिल्या तिमाहीतच तयार होतात. पेशींनी विभागायचं कधी थांबवायचं, कुठं जाऊन बसायचं, कुणाशी जोडायचं, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. किल्ली अवेळी फिरली की पेशी आपलं काम आधीच संपल्यासारखी वागते. पिल्लांचं वजन घटत नाही इतक्या कमी मात्रेतही स्लॉटकिन यांना मेंदूतल्या पेशींचं नुकसान दिसलं. म्हणजे काट्यावर बाळ ठीकठाक भरलं, एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

वागणुकीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. १९७५मध्ये कॅनडात अतिचंचल मुलांच्या आयांकडे चौकशी झाली, तेव्हा त्या गरोदरपणी जास्त ओढत असल्याचं दिसलं. १९७८पासून ओटावात पीटर फ्रीड यांनी गर्भवतींचा एक गट धरून त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. ऐकून समजणं आणि भाषा यांत ओढणाऱ्यांची मुलं कमी पडत. १९९७ला शिकागोतून लॉरेन वॅक्शलॅग यांनी बेशिस्त, मारामाऱ्या, चोऱ्या करणाऱ्या मुलग्यांबद्दल असंच लिहिलं. १९९९ला तर कोपनहेगनमध्ये १९५९ ते ६१ या काळात जन्मलेल्या चार हजारांहून अधिक पुरुषांचं पोलीस दप्तर उघडून आईची सिगारेट आणि मुलाची अटक यांचा संबंध दाखवला गेला. वर्तमानपत्रांना याहून चमचमीत मथळा कुठं मिळणार?

इथं थांबून विचार करणारे निघाले, हे विज्ञानाचं नशीब. अतिचंचलपणा घराण्यात चालतो. ज्या बाईचं स्वतःचं लक्ष एका जागी ठरत नाही तिला सिगारेट जास्त धरते आणि सोडणं जास्त जड जातं, हेही माहीत आहे. तर मग मुलानं आईकडून घेतलं ते धुरातून की रक्तातून?

ब्रिटनमध्ये अनिता थापर आणि त्यांच्या गटाला या गाठीवर नामी उपाय सुचला. कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेली मुलं घ्यायची. त्यांतल्या काहींमध्ये स्त्रीबीज आईचंच असतं, काहींमध्ये दुसऱ्या बाईनं दान केलेलं. दुसऱ्या प्रकारात मूल ज्या पोटात वाढतं त्या बाईशी त्याचं रक्ताचं नातं नसतं. आईनं ओढल्यानं बाळाचं वजन घटत असेल तर ते दोन्ही प्रकारांत घटायला हवं. तसंच झालं. अतिचंचलपणाही धुरातूनच येत असेल तर तोही दोन्हीकडे दिसायला हवा होता. तो ठळक दिसला तो फक्त रक्ताच्या नात्यातल्या जोड्यांत. हा लेख २००९चा. ओढणाऱ्या आया त्यात मोजक्याच होत्या, हे खरं. पण पाच वर्षांनी स्वीडनमध्ये आठ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींतून सख्खी भावंडं वेगळी काढली. आईनं एकाच्या वेळी ओढली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी. भावंडांत तुलना करताच अतिचंचलपणाचा फरक जवळजवळ विरून गेला. ब्रिस्टलच्या एका पाहणीत वडिलांच्या सिगारेटचाही मुलाच्या अतिचंचलपणाशी साधारण तेवढाच संबंध निघाला होता. वडिलांच्या पोटात तर मूल वाढत नाही.

फिनलंडनं यावर उलटा पत्ता टाकला. तिथं गर्भवतींच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले आहेत. आईला विचारण्याऐवजी आंद्रे सौरांडर यांच्या गटानं रक्तातच कोटिनीन, म्हणजे निकोटीन पचल्यावर उरणारा पदार्थ, मोजला. आईच्या रक्तात कोटिनीन जितकं जास्त तितकी मुलाला अतिचंचलतेची शक्यता जास्त, असं २०१९मध्ये त्यांनी दाखवलं. आईची लाज, विसरभोळेपणा, थाप यांचा गाळ यात राहत नाही. घराण्याचा प्रश्न मात्र राहतोच. रॉटरडॅममध्ये सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या मेंदूची छायाचित्रं काढली, तेव्हा शेवटपर्यंत ओढत राहिलेल्या आयांच्या मुलांचा मेंदू आकारमानानं जरा लहान आणि त्याची बाह्य साल पातळ दिसली. दिवस राहिल्याचं कळताच ज्यांनी सोडली त्यांच्या मुलांत हा फरक दिसला नाही. बटलर यांच्या १९७२च्या लेखातला चौथा महिना आठवावा. वजन, वाढ आणि मेंदूचा आकार यांबद्दल आज पुरावा भक्कम आहे. गुन्हेगारी आणि अतिचंचलपणाचे भडक मथळे मात्र जपून वाचलेले बरे.

आता हे सगळं पाश्चात्त्य. महाराष्ट्रातली बाई सिगारेट ओढत नाही, निदान पूर्वी तरी अपवादानंच ओढे. तंबाखू मात्र इथं साहेबाच्याही आधीची. पोर्तुगिजांकडून ती दख्खनला आली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग विजापूरहून ती घेऊन अकबराच्या दरबारी गेला. बायकांच्या वाट्याला ती आली मिश्री होऊन. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका लागतो, मग चुरगाळून पूड करायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. सुरुवात दात घासण्यापासून. मग ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’. मग दुपारी कामातून उठताना एक बोट, संध्याकाळी एक बोट. लेकीला ती आईकडून मिळते, सुनेला सासूकडून. दंतारोग्याच्या संशोधकांची नजर तिच्यावर फार पूर्वी गेली होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली, तेव्हा शोध होता कर्करोगाचा.

पोटातल्या बाळाकडे असं वस्त्यावस्त्यांत जाऊन पाहायला आणखी तीसएक वर्षं जावी लागली. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या निम्न आणि निम्न-मध्यम वस्त्यांमधल्या १,२१७ गर्भवतींची घरोघर जाऊन नोंद केली. त्यांतल्या १७ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मिश्री. निकाल २००४मध्ये आले. या बायकांची बाळं न वापरणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. दोन वर्षांनी आलेल्या लेखात मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीचपटीहून अधिक दिसला.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती ब्रिटिश आठवड्यात सापडणं शक्यच नव्हतं. सिगारेटीच्या धुरात निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र येतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा पटकावतो आणि बाळ गुदमरतं, म्हणून वजन घटतं, असं बरीच वर्षं मानलं जाई. निकोटीनवरचा ठपका त्यामुळे सौम्य होई. मिश्री लावणाऱ्या बाईच्या छातीत धूर जात नाही. स्लॉटकिन यांना ज्यासाठी उंदरिणीच्या कातडीखाली पंप बसवावा लागला, ती वेगळी मांडणी मुंबईच्या चाळींतल्या या बायका नकळत रोज करत होत्या. धूर नसतानाही बाळं हलकी निघाली, म्हणजे निकोटीन आणि तंबाखूतली बाकीची द्रव्यं एकटीही पुरेशी आहेत.

देशाचा विचार केला तर हे लहानसहान प्रकरण नाही. २००९-१०च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या प्रौढ बायकांपैकी ओढणाऱ्या २.९ टक्के होत्या आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या १८.४ टक्के. २०१६-१७ला दुसरा आकडा १२.८ टक्क्यांवर आला. उतरण मोठी होती, पण तेव्हाही आठातली एक. २००३च्या कायद्यानं तंबाखूच्या पुडक्यांवर इशारे आले, २००९पासून चित्रं आली, आणि २०१६पासून पुडक्याच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रं आणि इशाऱ्यांनी व्यापलेला असतो. सुट्या पानांची मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते आणि जुन्या डबीत भरली जाते. तिला पुडकंच नसतं, मग चित्र छापणार कशावर? गरोदर बाईला नावानिशी ‘मिश्री लावतेस का’ असं विचारावं लागतं, कारण ‘तंबाखू खातेस का’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकते. तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं.